मलई की अचार

आमच्या घरात नऊ वर्षं एकच भांडण चालू होतं, आणि ते सासूबाईंच्या एका वाक्यावरून होतं. वाक्य कुणालाच ऐकू आलेलं नव्हतं, म्हणून भांडण टिकलं. ऐकू आलं असतं तर आम्ही भांडायला दुसरं काहीतरी शोधलं असतं.

मी विमल. तेहतीस वर्षं सरकारी शाळांत विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची अकरा डोईफोडियाला, रोज बुऱ्हाणपूरहून बसने जाऊन-येऊन. शिकवलं हिंदीत, चिडले मराठीत. गेल्या वर्षी रिटायर झाले, तेव्हापासून दोन्ही घरातच चालतं. घर म्हणजे खाली आमच्या प्रकाशरावांचा सहा पॉवरलूमचा कारखाना आणि वर आम्ही. सकाळी माग सुरू झाले की वरची फरशी थरथरते आणि फळीवरचे स्टीलचे डबे हळूहळू कडेला सरकतात. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते, त्या दिवशी डबे मागे सारायचे. बोलायचं असेल तर ओरडायचं. नव्या माणसाला वाटतं आम्ही भांडतोय. बऱ्याचदा आम्ही भांडतच असतो, पण प्रत्येक वेळी नाही.

सासूबाई तेवढ्या कधी ओरडल्या नाहीत. मालूबाई त्यांचं नाव. त्या हळू बोलायच्या आणि एकदाच बोलायच्या. ज्याला ऐकू आलं त्याला आलं, ज्याला नाही आलं त्याने आपलं नशीब समजावं. 'पुन्हा सांगा' म्हटलं तर त्या अशा बघायच्या की माणूस न ऐकताच हो म्हणायचा. मी अशा कितीतरी गोष्टींना हो म्हटलेलं आहे.

तर भांडण मांड्यांचं. मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण पोळपाटावर लाटून भागत नाही. कणकेत पुरण भरून ती दोन्ही हातांवर झुलवत, फिरवत वाढवायची, कोपरापर्यंत लोंबायला लागली की चुलीवरच्या पालथ्या खापरावर अल्लद टाकायची. मधे कुठे फाटला की पुरण खाली आणि आब्रू त्याच्याही खाली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि मांडे झालेच पाहिजेत. सासूबाईंचा मांडा कधी फाटला नाही. माझाही फारसा फाटायचा नाही, पण ते कुणी म्हटलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला शोधत बसायला नको. सव्वीस वर्षं मी त्या बाईच्या शेजारी बसून मांडे केले आणि सव्वीस वर्षांत मला एक चांगला शब्द मिळाला नाही. 'जाड झाला.' 'कडेला पुरण नाही गेलं.' 'हां, चालेल आजच्याला.' मला काही मोठा सत्कार नको होता. एकदा, फक्त एकदा, 'बरा झाला' एवढं हवं होतं. त्या गेल्या तेव्हा मी घरच्यांना सांगून टाकलं की यापुढे मी खापराला हात लावणार नाही. कारण विचारलं तर म्हणायची खांदा दुखतो. खांदा माझा कधीच दुखला नाही.

मग मांडे माझ्या जावेकडे, लीलाकडे गेले. लीला गुणी आहे, पण तिचा मांडा खापरापर्यंत पोचायच्या आधीच जीव सोडतो. यावर उपाय तिच्याकडे होता, तिच्या जुन्या मोबाईलमध्ये. सासूबाई जायच्या तीन महिने आधी तिने त्यांना मांडे करताना रेकॉर्ड केलं होतं. मी तेव्हा डोईफोडियाला होते. कारखान्याच्या डोक्यावरच आमचं स्वयंपाकघर, माग जोरात. लीलाने विचारलं की मांडा फाटू नये म्हणून काय करायचं, आणि नेमकं त्याच वेळी आतल्या गॅसवर दूध उतू जायला लागलं. मोबाईल फळीवर तसाच चालू ठेवून ती पळाली. रेकॉर्डिंगमध्ये सासूबाई म्हणतात, "मांडा फाटू नये म्हणून एकच करायचं." त्यापुढे खटाखट, खटाखट, खटाखट, त्यात त्यांचा काहीतरी पुसट आवाज, आणि शेवटी स्पष्ट, "झालं. उचल." ते 'उचल' परत आलेल्या लीलाला, मोबाईल उचलायला; तोवर सगळं सांगून झालेलं होतं. तिने पुन्हा विचारलं. सासूबाई म्हणाल्या की एकदा सांगितलं ना, तुझ्या मोबाईलमध्ये आहे. तीन महिन्यांत तिने कितीदा विचारलं असेल, उत्तर हेच.

त्या पुसट आवाजात लीलाला 'मलई' ऐकू येतं. ती दर आखाजीला कणकेत मलई घालते. प्रकाशरावांना 'अचार' ऐकू येतं. त्यांचं म्हणणं, आईचा हात लोणच्याच्या बरणीत असायचाच, तिने अचाराचं तेल लावलं असणार. एका आखाजीला त्यांच्या हट्टापायी तेही करून झालं. त्या दिवशी आम्ही आमरस वाटीने प्यायलो आणि मांडे गायीला घातले. गायीने पुरण खाल्लं. लीलाचा मुलगा रितेश इंदूरला कंपनीत कामाला आहे, तो समजूतदार. त्याला 'मलई' आणि पुढे 'चार' ऐकू येतं, म्हणून तो म्हणायचा मलई चार चमचे, दोघांचंही बरोबर. मला काही ऐकू येत नव्हतं. मी म्हणायची मला ऐकायचंही नाही. यातला पहिला अर्धा भाग खरा होता.

या वर्षी आखाजीच्या आधीच्या रविवारी रितेश घरी आला तो पिशवीतून एक डबा घेऊन. साबणाच्या वडीएवढा, काळा, वर एक गोल बटण आणि पुढे निळा दिवा. एक वायर लॅपटॉपला, दुसरीकडे हेडफोन. त्याला म्हणे एक्सटर्नल साउंड प्रोसेसर म्हणतात, त्याच्या मित्रांत डॅक. प्रकाशराव जिन्यावरून वर येत होते, त्यांना वाटलं डाक आली, ते सही करायला पेन शोधायला लागले.

रितेशचं म्हणणं असं की दोष आजीच्या आवाजात नाही, लॅपटॉपमध्ये आहे. लॅपटॉपच्या आतलं साउंड एकदम कचरा असतं, बारीक आवाज ते खाऊन टाकतं. "मोठी मम्मी, हा लावला ना, तर आवाज एकदम खुल के येतो. जो दबलेला आहे तो पण." मी त्याला विचारलं की मोबाईलने जे टिपलंच नसेल ते हा डबा कुठून आणणार. तो म्हणाला, आधी ऐका तर. आवडला नाही तर गुरुवारपर्यंत परत करता येतो.

लीलाने हेडफोन लावला, डोळे मिटले आणि तिचा चेहरा उजळला. एकदम साफ, म्हणाली, मलईच आहे. मग प्रकाशरावांनी लावला. त्यांचाही उजळला. एकदम साफ, अचार. एकाच डब्याने दोघांनाही बरोबर ठरवलं, यावर दोघंही खूश झाले आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला राग आला. मला अशाच गोष्टींचा राग येतो. तेहतीस वर्षं मी पोरांना सांगत आले की आपल्याला जे ऐकायचं असतं ते आपण ऐकतो, म्हणून प्रयोग करायचा असतो, आणि माझ्याच घरात हे.

मी म्हटलं, टॉवेल आण.

टॉवेल लॅपटॉपवर आणि डब्यावर टाकला. ऐकणाऱ्याने टेबलाकडे पाठ करून बसायचं. मी नाणं उडवणार. चित पडलं तर हेडफोनची वायर डब्यात, पट पडलं तर लॅपटॉपमध्ये. त्याने फक्त सांगायचं की आत्ता डबा आहे की नाही. दहा वेळा. पहिल्या फेरीत लीलाने दहापैकी नऊ बरोबर सांगितले आणि रितेश टाळ्या वाजवायला लागला. मी टॉवेलखाली हात घालून बघितलं तर डब्याचं गोल बटण पुरतं फिरवलेलं. डबा चांगला नव्हता, मोठा होता. आमच्या घरात मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, त्यात नवल काय. मी बटण फिरवून दोन्ही आवाज सारखे केले आणि पुन्हा दहा-दहा घेतले. लीला पाच. रितेश पाच. प्रकाशराव चार, आणि वर त्यांनी सांगितलं की चार म्हणजे बरेच झाले. शेवटी मी गुपचूप डबा काढून टाकला आणि लॅपटॉपचाच आवाज वाढवला. तिघंही एका सुरात म्हणाले, हा डबा.

मी टॉवेल उचलला. डबा माझ्या हातात होता. वर्गात असा क्षण वर्षातून एकदाच यायचा, तेव्हा मी खडू खाली ठेवून थोडी थांबायची. आत्ताही थांबले.

रितेशचं तोंड पडलं. लेकरू हिरमुसलेलं बघून मला बरं नाही वाटलं, पण थोडं बरं वाटलंच. तो म्हणाला, ठीक आहे, डबा जाऊ दे, पण माझ्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. मागे सतत जो एकसारखा आवाज चालू असतो तो ते ओळखतं आणि काढून टाकतं. उरतो तो माणूस. हे मात्र मला पटण्यासारखं वाटलं. मी म्हटलं कर.

त्याने काहीतरी बटणं दाबली आणि हेडफोन प्रकाशरावांच्या कानावर चढवला. हेडफोन दोन वाट्यांसारखा, कान पूर्ण झाकणारा, आणि त्यात आधी जुन्या रेकॉर्डिंगचे माग दणदणत होते. रितेशने सॉफ्टवेअर चालू केलं. माग बंद.

प्रकाशराव ताडकन उठले. "लाईट गेली," म्हणाले, आणि हेडफोनसकट पळाले. वायर निसटली, लॅपटॉप टेबलाच्या कडेपर्यंत ओढला गेला, लीलाने तो धरला. ते जिना उतरून गेलेसुद्धा.

हे तुम्हाला वेडेपणाचं वाटेल, पण मागवाल्या घरात अंधार झाला म्हणून लाईट गेली असं कुणी म्हणत नाही. माग थांबले की लाईट गेली. बल्बकडे बघायचीही गरज नसते. आणि लाईट गेली की मालकाने आधी पळत जाऊन सगळ्या मागांची बटणं बंद करायची, नाहीतर लाईट परत आल्यावर सहाही माग एकदम उसळतात आणि शेकडो धागे तुटतात. चाळीस वर्षांची सवय आहे ती. त्यात डोक्याला काही काम नसतं.

खाली शालिग्राममामा होते. शालिग्राममामा आमचे मास्टर, म्हणजे माग बिघडला तर नुसता आवाज ऐकून सांगणार की कोणत्या मागाचा कोणता नट ढिला आहे. सासूबाईंच्या काळापासून आहेत, सत्तरीला आले. कारखान्याबाहेर त्यांना ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. त्यांनी काय पाहिलं, तर सहाही माग व्यवस्थित चालू, दिवे चालू, पंखा चालू, आणि मालक कानाला काळ्या वाट्या लावून, वायर मागे फरफटवत येतो, लाईट गेली म्हणून ओरडतो, आणि एकेक माग बंद करत जातो. सहावा बंद झाला. खरोखरची शांतता झाली. मग प्रकाशरावांनी वर बल्बकडे पाहिलं.

मामा संतापून वर आले. ते माझ्याशी बोलले, कारण कारखान्यातल्या वेडेपणाची तक्रार ते पहिल्यापासून माझ्याकडेच करतात. त्यांचं म्हणणं, वहिनी, यांना डॉक्टरकडे न्या. मागून प्रकाशराव आले, त्यांनी हेडफोन अजून काढला नव्हता. मी मामांना हातवारे करून, ओरडून सगळी गोष्ट सांगितली. मालूबाईंचा आवाज म्हटल्यावर ते खाली बसले.

इकडे रितेशने साफ केलेलं रेकॉर्डिंग लावलं. त्या सॉफ्टवेअरने काम चोख केलं होतं. "मांडा फाटू नये म्हणून एकच करायचं." मग काहीच नाही. खटाखट नाही, पुसट आवाज नाही, मलई नाही, अचार नाही. मग "झालं. उचल." मागांबरोबर सासूबाईही साफ करून टाकल्या होत्या. लीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षं ती जी मलई घालत होती ती त्यात नव्हतीच, असं तिला वाटलं असावं.

मामांना काय चाललंय ते अंदाजाने कळत होतं. ते म्हणाले की माग काढलात तर बाई कशी सापडेल. मालूबाई मागाच्या ठोक्यात बोलायच्या. दोन ठोक्यांच्या मधे जी जागा असते ना, तेवढ्यात एक शब्द बसवायचा, मग थांबायचं, मग पुढच्या जागेत दुसरा. जुन्या कारखान्यातल्या बायका सगळ्या तशाच बोलायच्या. म्हणून त्यांना ओरडावं लागत नसे. "हे वर बसून नाई ऐकू येणार. खाली चला. माग चालू करा."

मी लगेच हरकत घेतली. आवाज ऐकू येत नाही म्हणून त्यावर आणखी आवाज घालायचा, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? मामांना माझी हरकत ऐकू आली नाही. ते जिन्याच्या दिशेने निघालेही होते.

मग आमची वरात खाली. रितेशने लॅपटॉप छातीशी धरलेला, त्यात मूळचं, मागांसकटचं रेकॉर्डिंग, लीलाने वायर, प्रकाशरावांनी डबा, कारण लॅपटॉपचा आवाज मागांपुढे टिकला नसता आणि मामांना मोठा आवाज हवा होता. डबा मोठा तर होताच, ते मीच सिद्ध केलं होतं. प्रकाशरावांनी माग एकेक करून चालू केले. मामांनी हेडफोन लावला, पण कानावर पूर्ण नाही, थोडा मागे सरकवून, म्हणजे कानात रेकॉर्डिंग आणि बाहेरून आपला कारखाना. मग ते तिसऱ्या मागापाशी गेले आणि त्याच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले. बोटांनी ठोका धरला. रितेशला खुणेने सांगितलं, लाव.

एकदा ऐकलं. मान हलवली, पुन्हा. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ हलायला लागले. तिसऱ्यांदा ते हसले. आणि मग, कान बंद असलेली माणसं बोलतात तसे, स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे न कळता, सहा मागांच्या वर, बाहेर गल्लीपर्यंत ऐकू जाईल असे एकेक शब्द बोलायला लागले.

"लीला. विमलले. इचार."

लीला म्हणाली, काय?

मामांना ते ऐकू आलं नाही. ते पुढचा ठोका ऐकत होते. "तिले. माह्यापेक्षा. चांगलं. जमते." थांबले. बोटं लाकडावर चालूच. "पन. तिले. सांगजो. नको."

मग त्यांनी डोळे उघडले आणि समोर मी उभी. त्यांची बोटं थांबली. ते प्रकाशरावांकडे बघायला लागले, प्रकाशराव मागाकडे, आणि मागाकडे बघण्यासारखं काही नव्हतं, तो ठीक चालला होता.

विमलले इचार. विमलला विचार. विमलले, म्हणजे मलई. इचार, म्हणजे अचार. मी. नऊ वर्षं लीलाने मला कणकेत घातलं होतं आणि प्रकाशरावांनी मला मांड्याला चोपडलं होतं, आणि गायीने मला बाजूला काढून ठेवलं होतं.

मला रडू आलं. सरळ सांगते, तोंडाला पदर वगैरे काही लावला नाही, तिथेच कारखान्यात उभी राहून रडले. मागांच्या आवाजात रडण्याचा एक फायदा असतो, कितीही मोठ्याने रडलं तरी चालतं. आणि रडता रडता मला भयंकर रागही येत होता. त्या माउलीला मोबाईलला सांगता आलं, लीलाला सांगता आलं, फक्त मला सांगायचं नव्हतं. सव्वीस वर्षं माझ्या शेजारी बसून 'जाड झाला'. काय बिघडलं असतं? मी काय शेफारले असते? शेफारलेही असते थोडी, पण मांडे तर केले असते ना नऊ वर्षं.

वर आलो. लीलाने पहिला प्रश्न विचारला तो अगदी रास्त. "ताई, मंग काय टाकायचं?"

मी विचार केला. खूप विचार केला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, नऊ वर्षांचं उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हटलं, काही नाही. कणीक सैल भिजवायची, मिठाच्या पाण्याने मळायची आणि दोन तास तिच्याकडे बघायचं नाही. लीला म्हणाली, बस? मी म्हटलं, बस. ती मलईच्या वाटीकडे बघत राहिली. आखाजीसाठी आठवडाभर साठवलेली मलई होती.

रितेशने मग तेच रेकॉर्डिंग, काहीही साफ न केलेलं, नुसत्या लॅपटॉपवर लावलं. आणि गंमत बघा, सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. विमलले इचार. मोबाईलवर लावलं, तिथेही स्पष्ट. लीलाला आता मलई ऐकायची म्हटलं तरी ऐकू येईना. प्रकाशरावांनी अचारासाठी थोडा प्रयत्न केला, मग त्यांनीही सोडून दिलं. नऊ वर्षं ते वाक्य तिथेच होतं, फक्त काय ऐकायचं हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे डब्याचा काही संबंध नव्हता, सॉफ्टवेअरचाही नव्हता. माझा प्रयोग शंभर टक्के बरोबर ठरला. एरवी मी हे चार-पाच वेळा बोलून दाखवलं असतं.

रितेश प्रामाणिक पोरगा. तो स्वतःच म्हणाला, "मोठी मम्मी, मान लिया. डब्याने काही फर्क पडत नाही." आणि त्याने वायर गुंडाळली, डबा त्याच्या खोक्यात बसवला, वर तो कुरकुरीत कागद घातला आणि खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. गुरुवारपर्यंत परत गेला पाहिजे होता.

मी म्हटलं, ते वाक्य पुन्हा लाव.

त्याने लॅपटॉपवर लावलं. लीला, विमलले इचार. तिले माह्यापेक्षा चांगलं जमते. पन तिले सांगजो नको.

पुन्हा, म्हटलं.

लावलं. खालून माग चालू होते, वर डबे फळीवर हळूहळू सरकत होते, आणि ती बाई दोन ठोक्यांच्या मधे, हळू, एकदाच सांगत होती. मी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा प्रकाशराव म्हणाले की आता सगळ्यांना पाठ झालं आहे. मी त्यांना म्हटलं, मला नीट ऐकू आलेलं नाही.

रितेशने माझ्याकडे पाहिलं. चिकटपट्टीचं टोक त्याच्या बोटाला चिकटलेलं होतं.

"ते खोकं उघड," मी म्हटलं. "डबा काढ. डब्यावर जास्त चांगलं ऐकू येतं."

"मोठी मम्मी, दहापैकी पाच."

"तू लाव," मी म्हटलं, "आणि ते बटण पुरतं फिरव."